डोळा पाहा, पान ओळखा!

एक सोपा प्रश्न विचारू का? कडुनिंबाचे एक पान तोडून आणा, असे तुम्हाला सांगितले तर तुम्ही काय आणाल? बहुतेक जण करवतीसारख्या कडांचे, किंचित वाकडे असे एक हिरवे पाते खुडून आणतील. पण ते पान नव्हे. तो पानाचा एक तुकडा आहे!

बरे, फड्या निवडुंगाचे पान कोणते? तुम्ही त्याच्या जाड, हिरव्या, पसरट फडाकडे बोट दाखवाल. तेही पान नव्हे, ते खोड आहे. आणि कांद्याची पाने कोणती? तुम्ही म्हणाल, हिरवी पात. हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. राहिलेले अर्धे पान आपण रोज फोडणीला टाकतो.

पाहिलेत ना, जन्मापासून रोज डोळ्यांपुढे असलेली वस्तू ओळखतानाही आपण कसे फसतो ते! याचे कारण असे, की आपण पान ओळखतो ते रंगावरून आणि आकारावरून. हिरवे आणि चपटे दिसले, की ते पान! वनस्पतींना मात्र हा नियम मान्य नाही. तेव्हा पान ओळखण्याची खरी कसोटी कोणती, हे आधी पाहू. मग पानाने आपले नेहमीचे रूप का टाकले, हेही आपोआप कळेल.

डोळ्याची कसोटी

जास्वंदीची किंवा पेरूची एक फांदी हातात घ्या. पानाचा देठ फांदीला जेथे चिकटलेला असतो, तेथे देठ आणि फांदी यांच्या बेचक्यात नीट पाहा. एक बारीकसा फुगीर कोंब दिसेल. माळी आणि शेतकरी त्याला ‘डोळा’ म्हणतात. वनस्पतिशास्त्रात त्याला कक्षस्थ मुकुल, म्हणजे बगलेतील कळी असे नाव आहे. पुढे फुटणारी फांदी किंवा येणारे फूल या डोळ्यात झोपलेले असते.

उसाची लागण तुम्ही पाहिली असेल. शेतकरी उसाच्या टिपऱ्या तोडताना प्रत्येक टिपरीवर एक, दोन किंवा तीन चांगले डोळे राहतील अशी काळजी घेतो. उसाच्या प्रत्येक पेऱ्यावर एक पान असते आणि त्या पानाच्या बगलेत एक डोळा. पाचट काढले, की तो उघडा दिसतो. ऊस उगवतो तो या डोळ्यातून. नुसते पान जमिनीत पुरले तर काही उगवत नाही. म्हणजे वनस्पतिशास्त्राचा हा नियम शेतकऱ्याच्या रोजच्या वापरातला आहे.

हा नियम असा : पानाच्या बगलेत डोळा असतो, पानावर किंवा पानाच्या भागांच्या बगलेत डोळा नसतो. ज्यावर डोळे असतात ते खोड.

आता कडुनिंबाकडे परत जाऊ. ज्याला आपण पान म्हणालो, त्या पात्याच्या बुडाशी डोळा शोधा. सापडणार नाही. मग ज्या काडीला अशी दहा-पंधरा पाती लागली आहेत, तिच्या बुडाशी पाहा. तेथे डोळा हजर! म्हणजे ती वीत-दीड वीत लांबीची सबंध काडी, तिच्यावरील सगळ्या पात्यांसह, मिळून एक पान होते. अशा पानाला संयुक्त पान म्हणतात आणि त्याच्या प्रत्येक पात्याला पर्णिका म्हणतात. चिंच, शेवगा, गुलमोहर आणि कढीपत्ता यांची पानेही अशीच संयुक्त आहेत. पानगळीच्या दिवसांत झाडाखाली पडलेल्या नुसत्या काड्या पाहिल्या, की याची खात्री पटते. ती काडी फांदी असती तर अशी नेमाने गळून पडली नसती.

स्वयंपाकघर आणि त्याची दारे

पानाचे मुख्य काम कोणते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. सूर्यप्रकाशात पान पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू यांपासून साखर तयार करते आणि प्राणवायू बाहेर टाकते. वनस्पतींचे फक्त हिरवे भाग, तेही केवळ उजेडात, प्राणवायू सोडतात, ही गोष्ट यान इंगेनहाउस या डच शास्त्रज्ञाने १७७९ साली प्रयोगांनी दाखवून दिली.

या कामासाठी पानाची रचना कशी चोख आहे, पाहा. वरची साल पारदर्शक असते, म्हणजे उजेड सरळ आत जातो. सालीवर मेणासारखा थर असतो, त्यामुळे पाणी बाहेर झिरपत नाही. सालीखाली उभ्या खांबांसारख्या पेशींची दाट रांग असते. हरितद्रव्य तेथे सर्वांत जास्त. त्याखाली विरळ, स्पंजासारखा थर असतो. त्यातल्या पोकळ्यांतून हवा खेळते. शिरांमधून पाणी येते आणि तयार साखर बाहेर नेली जाते. एवढा सगळा कारखाना पुष्कळ पानांत अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जाडीत मावतो!

पण या स्वयंपाकघराची एक मोठी अडचण आहे. हवेच्या दहा हजार भागांत कार्बन डायऑक्साइडचे आज जेमतेम चार भाग आहेत. एवढा विरळ वायू मिळवायचा तर दारे उघडी ठेवलीच पाहिजेत. ही दारे म्हणजे पर्णरंध्रे. पुष्कळ झाडांच्या पानांवर एका चौरस मिलिमीटरमध्ये शंभर ते तीनशे पर्णरंध्रे असतात. प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंस घेवड्याच्या दाण्यांसारख्या दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्याने फुगल्या, की दार उघडते. सैल पडल्या, की मिटते.

दार उघडले, की वायू आत येतो. पण त्याच दाराने पानातले पाणी वाफ होऊन बाहेर पळते. किती पळते? इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने १७२४ सालच्या उन्हाळ्यात कुंडीतले एक सूर्यफुलाचे झाड घेतले, कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने बंद केले आणि रोज सकाळ-संध्याकाळ तिचे वजन केले. साडेतीन फूट उंचीचे ते झाड दिवसाच्या बारा तासांत सरासरी वीस औंस, म्हणजे अर्ध्या किलोग्रॅमहून अधिक पाणी हवेत सोडत होते. मुळे शोषतात त्या पाण्याच्या शंभर भागांपैकी जेमतेम दोन-तीन भाग झाडाच्या अंगी लागतात. बाकी सगळे उडून जाते.

म्हणजे दार उघडे ठेवावे तर तहानेने मरण आणि बंद ठेवावे तर भुकेने मरण! प्रत्येक झाड आयुष्यभर हाच हिशेब करीत असते. पानाची नाना रूपे ही बहुतांशी याच हिशेबाची नाना उत्तरे आहेत.

दारांचा बंदोबस्त

सर्वांत साधा उपाय म्हणजे दारे उन्हाच्या बाजूला ठेवायचीच नाहीत. वड, पिंपळ, आंबा यांच्या पानांची रंध्रे खालच्या, सावलीच्या बाजूला असतात. कमळाचे पान मात्र पाण्यावर तरंगते. त्याची खालची बाजू पाण्याला टेकलेली. तेथे दारे ठेवून काय उपयोग? म्हणून कमळाने दारे वरच्या बाजूला ठेवली. त्या बाजूवर मेणाचा थर आणि सूक्ष्म उंचवटे असतात. त्यामुळे पावसाचे थेंब मोत्यांसारखे घरंगळून जातात आणि दारे तुंबत नाहीत.

कण्हेरीने आणखी एक पाऊल पुढे टाकले आहे. तिची रंध्रे पानाच्या खालच्या बाजूला असतातच, शिवाय ती खोल खळग्यांत असतात आणि खळग्यांत बारीक केस असतात. बाहेर कितीही वारा सुटला, तरी खळग्यातली दमट हवा तेथेच राहते. आपल्याकडे कण्हेर भर उन्हाळ्यातही टवटवीत का दिसते, याचे एक कारण हे.

पळस आणि काटेसावर यांचा उपाय याहून कडक आहे. पाण्याची टंचाई सुरू झाली, की ही झाडे सगळे स्वयंपाकघरच बंद करून टाकतात. पाने गळतात आणि उघड्या फांद्यांवर फुले येतात.

आणि पानफुटी? ती तर दिवसा दारे मिटून घेते आणि रात्री उघडते! रात्री हवा गार असते, म्हणून पाणी कमी उडते. पण रात्री ऊन नाही, मग साखर कशी करणार? पानफुटी रात्री आत घेतलेला वायू आम्लाच्या रूपाने साठवून ठेवते आणि दिवसा दारे बंद करून, त्याच साठ्यातून वायू मोकळा करून साखर बनवते. याचा पहिला धागा सापडला तो आपल्या देशातल्या निरीक्षणातून. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासमधील नोकरीतले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांच्या लक्षात आले, की पानफुटीचे पान सकाळी चाखले तर चुक्यासारखे आंबट लागते, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट लागते. त्यांचे हे पत्र लंडनच्या लिनियन सोसायटीने १८१५ साली छापले. चवीतल्या या बदलाचा पुरता उलगडा व्हायला पुढे शंभरांहून अधिक वर्षे लागली. घायपात, अननस आणि निवडुंग यांचीही हीच रीत आहे. (तुम्ही मात्र अनोळखी पाने चाखून पाहू नका, पानफुटीत विषारी द्रव्येही असतात.)

पानफुटीने आपल्या कसोटीलाही एक अपवाद करून ठेवला आहे बरे का! तिच्या पानाच्या कडेवरील खाचांत कोंब असतात. पान ओल्या मातीवर पडले, की त्या खाचांतून रोपे उठतात. तिचे नाव पडले ते यावरूनच.

पानाने काम बदलले, तर स्वयंपाक कोण करणार?

काही झाडांत पानाने आपले मूळ कामच सोडले आहे. अशा वेळी एक गोष्ट विसरू नका. पान दुसऱ्या कामाला लागले, तरी स्वयंपाक थांबत नाही. तो कोणीतरी करावाच लागतो. म्हणून बदललेले पान दिसले, की लगेच दुसरा प्रश्न विचारावा : मग येथे अन्न कोण तयार करते?

फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला. पण आता आपल्या माळरानांवर घरच्यासारखा वाढतो. त्याचा नवा, कोवळा फड लांबूनच नीट पाहा. त्यावर इवलीशी, टोकदार, मांसल पाने दिसतील. ती थोड्याच दिवसांत गळून जातात. या प्रत्येक इवल्या पानाच्या बगलेत काट्यांचा झुबका असतो. म्हणजे तो झुबका डोळ्याच्या जागी आहे. पुढे नवा फड किंवा फूल फुटते तेही त्याच जागेवरून. ज्यावर पाने आणि डोळे असतात ते खोड. म्हणून फड हे खोड ठरले. आणि डोळा म्हणजे तर आखडलेली फांदी; त्या फांदीची पाने म्हणजेच काटे! पानांनी राखणदारी पत्करली, तेव्हा स्वयंपाक आणि पाणी साठवणे ही दोन्ही कामे खोडाने उचलली.

रस्त्याच्या कडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ तुम्ही पाहिली असेल. तिला विळ्याच्या पात्यासारखी लांबट, चिवट पाने असतात. पण ती पानाची पाती नव्हेत. ते चपटे झालेले देठ आहेत! खरे वाटत नाही? मग तिचे नुकते उगवलेले रोप शोधा. त्याची पहिली पाने आपल्या बाभळीसारखीच बारीक पर्णिकांची असतात. पुढे येणाऱ्या पानांत देठ पसरट होत जातो आणि पर्णिका कमी होत जातात. शेवटी पर्णिका नाहीशा होतात आणि देठच तेवढा उरतो. एका लहानशा रोपावर हा सगळा बदल पायरीपायरीने वाचता येतो.

वाटाण्याच्या वेलाला आधार हवा असतो. म्हणून त्याच्या संयुक्त पानाच्या टोकाकडील पर्णिकांचे तणावे झाले आहेत. त्याच्या काही जातींत तर सगळ्याच पर्णिका तणावे होतात. मग अन्न कोण तयार करते? देठाच्या बुडाशी असलेली दोन मोठी, हिरवी उपपर्णे! रानातल्या कळलावीची युक्ती निराळी. तिच्या पानाचे नुसते टोक लांब होऊन कुडाला विळखा घालते. बाकीचे पान आपला स्वयंपाक करीतच राहते.

आता घरात या आणि आईच्या किंवा बाबांच्या मदतीने एक कांदा उभा चिरा. तळाशी मुळ्यांच्या वर जी कठीण चकती दिसते, तेवढेच कांद्याचे खोड. तिच्यावर एकात एक बसलेले रसदार पापुद्रे म्हणजे पानांचे फुगलेले बुंधे. वर जी हिरवी पात असते ती याच पानांचा वरचा भाग. वरचा भाग अन्न तयार करतो आणि खालचा साठवतो, अशी एकाच पानात कामाची वाटणी! पापुद्र्यांच्या बुडाशी, बगलेत, तुम्हाला डोळेही सापडतील. कोबीचा गड्डा असाच उभा चिरून पाहा. मधल्या पांढऱ्या दांड्याला पाने जेथे चिकटतात, तेथे बगलेत बारीक डोळे स्पष्ट दिसतात.

काट्यांची ओळखपरेड

आता तुमची परीक्षा. बोर, लिंबू आणि गुलाब या तिघांनाही काटे असतात. यांतला पानाचा काटा कोणता?

लिंबाचा काटा पानाच्या बगलेत, म्हणजे डोळ्याच्या जागी असतो. म्हणून तो फांदीचे रूप आहे. बोगनवेलीचा काटाही तसाच. बोरीचे काटे देठाच्या बुडाशी दोन अंगांना असतात. पुष्कळदा एक सरळ आणि एक आकड्यासारखा वाकडा. ते उपपर्णांच्या जागी आहेत, म्हणजे पानाच्या कुटुंबातले आहेत. बाभळीचे जोडकाटेही तसेच. आणि गुलाबाचा काटा? तो वाटेल तेथे असतो. पानाच्या जागेशी किंवा डोळ्याशी त्याचा संबंधच नाही. बाजूने दाबला, की तो सालीसकट निघतो. तो ना पान, ना फांदी; ती सालीची वाढ आहे. तिन्ही काटे सारखेच टोचतात, पण तिघांची घराणी निराळी!

शिकारी पाने

काही पाने शिकार करतात, हे तुम्ही ऐकले असेल. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्याच्या अखेरीस दवबिंदू नावाची चिमुकली वनस्पती आढळते. तिच्या पानांवर केसांसारखी लाल शिंगे आणि त्यांच्या टोकांवर चिकट थेंब असतात. कीटक बसला, की तो चिकटतो. मग शिंगे त्याच्यावर वाकतात आणि पाचक रस त्याला विरघळवतात.

पण ही वनस्पती कीटक खाऊन पोट भरते, असे समजू नका. तिची पाने हिरवीच असतात आणि साखर ती स्वतःच तयार करते. तिला उणीव असते ती नायट्रोजनची. कासच्या जांभा खडकावर मातीचा थर पातळ आणि पावसाने धुतलेला. तेथे मुळांना जे मिळत नाही, ते पान हवेतून पकडून आणते. चार्ल्स डार्विन यांनी या वनस्पतींवर अनेक वर्षे प्रयोग करून १८७५ साली एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. दवबिंदूच्या कुळातील रोपांना मांसाचे कण भरवले तर त्यांना कितीतरी जास्त बिया येतात, हे त्यांचे पुत्र फ्रान्सिस डार्विन यांनी १८७८ साली दाखवले.

मेघालयात आढळणाऱ्या घटपर्णीचा झाकणाचा घडा हाही पानाचाच भाग आहे. मात्र कासवरच फुलणाऱ्या ‘सीतेची आसवे’ या वनस्पतीपुढे आपली कसोटी थकते. तिच्या जमिनीतल्या धाग्यांवर कीटक पकडणाऱ्या बारीक पिशव्या असतात. पण तिच्यात मूळ, खोड आणि पान यांच्या सीमाच पुसट झाल्या आहेत. निसर्ग आपल्या व्याख्या वाचून वागत नाही, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

करून पाहा

वडाची सारख्या आकाराची चार पाने देठासह तोडा. चीक पुसून देठांच्या कापलेल्या टोकांना व्हॅसलीन लावा. आता पहिले पान तसेच ठेवा. दुसऱ्याच्या फक्त वरच्या बाजूला, तिसऱ्याच्या फक्त खालच्या बाजूला आणि चौथ्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅसलीनचा पातळ थर द्या. देठांना दोरा बांधून चारही पाने सावलीत टांगा आणि चार-पाच दिवस रोज पाहून वहीत नोंद करा. कोणती दोन पाने आधी सुकली? त्यावरून वडाची दारे कोणत्या बाजूला आहेत, ते सांगता येईल.

मग हाच प्रयोग मक्याच्या पानाचे चार सारखे तुकडे घेऊन करा. या वेळी कापलेल्या सगळ्या कडांना व्हॅसलीन लावायला विसरू नका. मक्याचे पान ताठ उभे असते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ऊन मिळते. तेव्हा निकाल काय लागेल, याचा अंदाज प्रयोगाआधीच वहीत लिहून ठेवा. अंदाज चुकला तरी खोडू नका. तो का चुकला, हे शोधण्यातच खरी मौज आहे.

आणि शाळेच्या वाटेवर शतावरीचा वेल किंवा शेराचे कुंपण दिसले, तर क्षणभर थांबा. (शेराचा चीक मात्र डोळ्यांत जाऊ देऊ नका; तो फार दाहक असतो.) त्यांच्या हिरव्या काड्यांना दोनच प्रश्न विचारा : डोळा कोठे आहे? आणि स्वयंपाक कोण करते? उत्तरे त्या काड्यांवरच लिहिलेली आहेत.